बेंबीभोवतीची इंजेक्शनं आणि आतड्यातले जिवाणू

कुत्रं चावलं की बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं, हे आमच्या पिढीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी फार्मासिस्ट होते. ती लस माझ्या ताब्यातल्या फ्रिजमध्ये असायची. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली, गढूळसर. देण्याआधी बाटली हलवून घ्यायची. चावा कुठे आणि किती खोल, त्यावर मात्रा आणि दिवस ठरत. पोरं इंजेक्शनच्या खोलीच्या उंबऱ्यावरच बसकण मारत आणि आया त्यांना उचलून आत आणत. आमचे मेडिकल ऑफिसर मात्र प्रत्येक नातेवाइकाला बजावत, "पायात मुंग्या आल्या, पाय लुळे वाटले, लघवी अडली, तर पुढचं इंजेक्शन टोचून घेऊ नका. आधी मला दाखवा."

या बजावण्यामागचा इतिहास मला पुष्कळ उशिरा कळला, तोही भाचीमुळे. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असल्याचं निदान झालं. मग आतड्यातले जिवाणू आणि एमएस यांच्यावरचं जे सापडेल ते ती मला पाठवू लागली. खाली प्रश्न ठरलेला : "मावशी, हे खरं का गं?" उत्तर शोधत मी मागे मागे वाचत गेले, तर वाट थेट माझ्या फ्रिजपाशी येऊन पोचली.

६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्यापुढे अल्सासचा नऊ वर्षांचा जोसेफ माइस्टर आला, पिसाळलेल्या कुत्र्याने फाडलेला. पाश्चर डॉक्टर नव्हते, म्हणून टोचायचं काम ग्रांशे नावाच्या डॉक्टरांनी केलं. रेबीजने मेलेल्या सशाचा मज्जारज्जू पंधरा दिवस वाळवून केलेलं द्रावण मुलाच्या पोटाच्या कातडीखाली गेलं. दहा दिवसांत तेरा वेळा. पोरगा जगला, आणि पोट ही जागा ठरून गेली. तिथे कातडी सैल, पुष्कळ औषध मावतं. आपल्याकडे १९०० मध्ये कसौलीला पाश्चर संस्था निघाली. तिथल्या डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये फिनॉलने विषाणू मारून लस केली. बनवायला सोपी, स्वस्त, लांबवर पाठवता येणारी. पुढे सशांच्या जागी मेंढ्या आल्या. हीच लस थोड्याफार फरकाने भारतात जवळजवळ शतकभर चालली; तिचं उत्पादन थांबलं ते २००४ च्या अखेरीस.

तिच्यात खोट होती, आणि ती पाश्चर यांच्या लशीपासूनच चालत आलेली. लस घेतलेल्यांपैकी काहींचं, कुठे काही हजारांत एकाचं तर कुठे काही शेकड्यांत एकाचं, अंग लुळं पडे. लशीतला विषाणूच जिवंत राहिला असणार, असं एका पक्षाचं म्हणणं. पण रेबीज झालेला माणूस उठून बसत नाही, आणि यातले बरेच जण बरे होऊन घरी जात.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स यांनी याचा छडा लावायला घेतला. निरोगी सशाचा मेंदू, म्हणजे रेबीजचा संबंधच नसलेला, त्यांनी माकडांना पुन्हा पुन्हा टोचला. १९३३ च्या प्रयोगात आठांपैकी दोन माकडं आजारी पडली, १९३५ च्या प्रयोगात आठांपैकी सात. मेंदू तपासला तर मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण, तारेवरचं रबर सोलावं तसं, जागोजागी गेलेलं. परक्या मेंदूवर उठलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्या मेंदूवर उलटली होती. एमएसमध्ये हेच वेष्टण जातं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी १८६८ मध्ये त्या आजाराचं स्पष्ट चित्र मांडलं होतं. त्यांचे शिष्य पिएर मारी यांनी १८८४ मध्ये त्याचं मूळ जंतुसंसर्गात आहे असं सांगितलं, आणि मग तो जंतू धुंडाळण्यात पिढ्या खर्ची पडल्या. रिव्हर्स यांच्या माकडांनी दुसरीकडे बोट दाखवलं. लशीच्या अपघातातून एमएसच्या अभ्यासाला प्राण्यांमधला नमुना मिळाला.

मला यात सगळ्यात जास्त रस वाटतो तो १९४७ सालात. रिव्हर्स यांना महिनोन्‌महिने टोचत बसावं लागे. त्या वर्षी एल्विन काबाट यांच्या गटाने आणि इझाबेल मॉर्गन यांनी, वेगवेगळ्या प्रयोगशाळांत, मेंदूच्या द्रावणात फ्रॉइंड यांचं मिश्रण घातलं : खनिज तेल आणि त्यात क्षयाचे मेलेले जंतू. आता थोडक्याच टोचण्यांत, काही आठवड्यांत आजार दिसू लागला. म्हणजे नुसता मेंदू पुरत नव्हता, प्रतिकारशक्तीला खडबडून जागं करायला जिवाणूही हवे होते. पण लक्ष सगळं मेंदूतल्या प्रथिनांवर, आणि सिरिंजमधल्या त्या जंतूंना कुणी फारसं विचारात घेतलं नाही. प्रतिकारशास्त्रज्ञ चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये प्रतिकारशास्त्राचं हे ओशाळवाणं गुपित उघड बोलून दाखवलं.

इथे जराशी आडवाट. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत मायकेल सेला, रूथ आर्नोन आणि द्व्होरा टाइटलबाउम यांनी मायलिनमधल्या प्रथिनासारखा एक कृत्रिम रेणू बनवला, प्राण्यांत हा आजार घडवायला. तो आजार घडवेना, उलट थोपवू लागला. १९९६ मध्ये अमेरिकेत तो एमएसचं औषध म्हणून मंजूर झाला. माझी भाची काही काळ तो टोचून घेत होती. पोटावरसुद्धा.

परत जिवाणूंकडे. १९९३ मध्ये जोन गोव्हरमन आणि सहकाऱ्यांनी असे उंदीर घडवले, की ज्यांच्या बहुतेक टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, जन्मतःच मायलिनच्या प्रथिनावर रोख धरून असतील. यांना काही टोचायची गरज नव्हती. निर्जंतुक व्यवस्थेत ठेवलेले ठणठणीत राहिले, पण साध्या पिंजऱ्यांतले काही आपसूक आजारी पडले. सुईच नाही, तर मग सुईतल्या मेलेल्या जंतूंचं काम कुणी केलं? याचं उत्तर २०११ मध्ये म्युनिकजवळ मार्टिन्सरीड इथल्या माक्स प्लांक संस्थेतून आलं. हार्टमुट वेकर्ले, केर्स्टिन बेरर आणि त्यांच्या गटाने तशाच प्रकारचे उंदीर जन्मापासून एकाही जंतूशिवाय वाढवले. ते आजारी पडलेच नाहीत. मग त्यांच्या आतड्यात साध्या उंदरांचे नेहमीचे जिवाणू सोडले, आणि आजार सुरू झाला.

याच गटाने २०१७ मध्ये माणसांकडे मोर्चा वळवला. एकाला एमएस आणि दुसरा धडधाकट, अशा ३४ एकसारख्या जुळ्या जोड्या त्यांनी जमवल्या. आजारी जुळ्यांच्या शौचातले जिवाणू दिलेले उंदीर, निरोगी जुळ्यांचे दिलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात आजारी पडले. भाचीने हा लेख पाठवला तेव्हा तिला केवढी आशा वाटली होती. मी तिला एवढंच आठवून दिलं, की हे उंदीर मुळात आजारी पडण्यासाठीच घडवलेले आहेत. ठिणगी आतड्यातून पडू शकते, इतकं त्यांनी दाखवलं. माणसात आतड्याआधी आणखी काय काय घडतं, ते त्यांना कसं सांगता येणार? २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदी आणि साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून दिसलं, की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढतो. पिएर मारी पुरते चुकले होते, असंही आता म्हणवत नाही.

त्याच वर्षी एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ५७६ रुग्णांचे जिवाणू त्यांच्याच घरात राहणाऱ्या ५७६ निरोगी माणसांशी ताडून पाहिले. एक घर, एक स्वयंपाक, तरी फरक होता. रुग्णांत अकरमॅन्सिया म्युसिनिफिला हा जिवाणू जास्त निघाला. तो आजार वाढवतो, की आजार झाल्यावर शरीराच्या मदतीला वाढतो, यावर संशोधकांत एकमत नाही. हाच जिवाणू अमेरिकेत पोटाला चांगला म्हणून कॅप्सूलमध्ये भरून विकतात. भाची त्याची बाटली मागवायला निघाली, तेव्हा मी म्हटलं, "आधी तुझ्या न्यूरॉलॉजिस्टना विचार. मला विचारशील तर तेवढ्या पैशात कित्येक महिने घरी दही लागेल, आणि त्यानेही एमएस जातो असं मी काही म्हणणार नाही."