बेंच प्रेसमधील पठारावस्था

बाकावर उताणे झोपून, वजनाचा रॉड छातीला टेकवून तो हात सरळ होईपर्यंत वर रेटणे म्हणजे बेंच प्रेस. सराव नियमित असूनही या व्यायामात उचलले जाणारे कमाल वजन कित्येक आठवडे जागचे हलत नाही, तेव्हा ती पठारावस्था. एखाद्या सोमवारी ठरलेले वजन वर गेले नाही, एवढ्याने ती सिद्ध होत नाही. एक रात्र जागरण, दुपारचे चुकलेले जेवण किंवा आदल्या दिवशीचे खांद्याचे व्यायाम एवढेही तेवढ्यासाठी पुरते. तीन-चार आठवड्यांच्या नोंदी वहीत असतील, तरच खरे काय ते कळते.

या व्यायामात मुख्यतः तीन स्नायू राबतात : छातीचा मोठा स्नायू, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाच्या मागचा ट्रायसेप्स. मांड्या आणि पाठीच्या तुलनेत हे स्नायू लहान आहेत, त्यामुळे स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट या मांड्या-पाठीच्या व्यायामांचे आकडे चढत असतानाच बेंच आधी थांबतो. गल्लीतल्या जिमची सामग्रीही यात भर घालते. तिथे बहुधा सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असते. ती दोन्ही बाजूंना चढवली की वजन एकदम ५ किलोंनी वाढते. १२० किलोंच्या स्क्वॉटमध्ये ही वाढ चार टक्क्यांची असते, ६० किलोंच्या बेंचमध्ये आठ टक्क्यांहून अधिक. एवढी उडी शरीराला झेपली नाही, तर त्यात नवल काय? सव्वा किलोच्या किंवा त्याहून लहान प्लेट स्वतः विकत घेऊन पिशवीत बाळगणे हा या अडचणीवरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

नवख्याचे वजन पहिले काही आठवडे भराभर वाढते. ही वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. आहे तोच स्नायू अधिक जोराने आणि अधिक सुसूत्रपणे वापरायला शरीर शिकत असते. मोरितानी आणि डिव्रीज यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा क्रम दिसला होता : आधी मज्जासंस्थेतील बदल, मग स्नायूंची वाढ. पहिला टप्पा संपला की वेग उतरणारच. त्या उताराला जिद्दीची उणीव समजणे अन्यायाचे आहे.

वाढ किती सावकाश होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे इराणचे दिव्यांग वजनपटू सियामंद रहमान. दिव्यांगांच्या पॉवरलिफ्टिंगमध्ये बेंच प्रेस हा एकच प्रकार असतो आणि पाय जमिनीवर न ठेवता बाकावरच ठेवावे लागतात. रहमान यांनी २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये २८० किलो उचलून सुवर्णपदक मिळवले आणि २०१६ मध्ये रिओत ३१० किलो उचलले. एवढ्या बलवान माणसाला ३० किलोंसाठी चार वर्षे लागली, म्हणजे वर्षाला सरासरी साडेसात किलो. भारताचे राजिंदर सिंग राहेलू यांनी २००४ मध्ये अथेन्सला ५६ किलो गटात १५७.५ किलो उचलून कांस्यपदक जिंकले, तेही पायांचा रेटा न घेता. पायांचा रेटा उपयोगाचा आहे यात शंका नाही, पण अडलेल्या बेंचचे सगळे खापर त्याच्या अभावावर फोडता येत नाही.

सावकाशीचीच पद्धत करणारा माणूस म्हणजे कॅनडाचे डग हेपबर्न. जन्मतः वाकडे पाऊल असलेले व्हँकूव्हरचे हे मल्ल १९५३ मध्ये स्टॉकहोमला वेटलिफ्टिंगचे विश्वविजेते झाले. बेंच प्रेसमध्ये ५०० पौंडांचा (सुमारे २२७ किलो) टप्पा गाठणारे पहिले म्हणूनही त्यांचेच नाव घेतले जाते. त्यांच्या नावाने चालत आलेल्या पद्धतीत एकाच वजनाने दोन-दोन रेप्सचे (रॉड एकदा खाली आणून वर रेटणे म्हणजे एक रेप) आठ सेट करायचे. पुढच्या खेपेला फक्त एका सेटमध्ये एक रेप वाढवायची, त्यापुढच्या खेपेला आणखी एका. आठही सेट तीन-तीन रेप्सचे झाले की मगच वजनात छोटी वाढ करून पुन्हा दोनवर यायचे. एका खेपेला एकच रेप वाढते, पण वाढत राहते. पठारावर अडलेल्याला या पद्धतीचा मोठा आधार वाटतो, कारण वजन तेच असतानाही वहीतला आकडा पुढे सरकत असतो.

याच्या आधीच, १९४० च्या दशकात, शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात डॉ. थॉमस डीलॉर्म जखमी सैनिकांना टप्प्याटप्प्याने वाढत्या वजनाचे व्यायाम देत होते. सुरुवातीला ते सात ते दहा सेट करवून घेत. पुढे आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी ते तीनवर आणले, कारण आधीचे प्रमाण गरजेपेक्षा जास्त होते. अडकल्यावर आणखी सेट वाढवत सुटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आठवड्याला एकदाच छाती मारून तीत वीस-पंचवीस सेट कोंबण्यापेक्षा तेच काम दोन किंवा तीन दिवसांत विभागले, तर प्रत्येक सेट ताज्या दमाने होतो आणि तंत्रही अधिक वेळा घोटले जाते.

सर्वांत सामान्य चूक मात्र वेगळीच आहे : कमाल वजनाची परीक्षा दर आठवड्याला घेणे. मित्र रॉडला बोटे लावून ‘तुझंच आहे, तुझंच आहे’ म्हणत अर्धे वजन स्वतः उचलतो आणि ती रेप हिशेबात धरली जाते. अशाने बळ वाढत नाही, केवळ थकवा साचतो. कामाचे बहुतेक सेट कमाल वजनाच्या ७५ ते ८५ टक्क्यांत, एखाद-दुसरी रेप हातची राखून करावेत. कमाल आकडा हवाच असेल, तर एप्लीच्या सूत्राने त्याचा अंदाज येतो. रेप्सना ३० ने भागून त्यात १ मिळवायचा आणि वजनाला त्याने गुणायचे. ८० किलोंच्या सहा स्वच्छ रेप्स निघाल्या, तर एका रेपची कमाल साधारण ९६ किलो. साचलेला थकवा उतरवण्यासाठी एक आठवडा वजन आणि सेट दोन्ही कमी ठेवले, तर पुष्कळदा पठार तेवढ्यानेच संपते.

रॉड नेमका कुठे थांबतो, हेही पाहावे. छातीपासून काही इंच वर आला की त्याचा वेग मंदावतो, अपयश बहुधा तिथेच येते. खाली अडला तर छाती कमजोर, वर अडला तर ट्रायसेप्स कमजोर, हा जिममधला ठोकताळा अर्धाच खरा आहे. त्या उंचीवर सांध्यांचे कोन आणि रॉडचे खांद्यापासूनचे अंतरच प्रतिकूल असते. अमेरिकेचे टॉम मॅक्लॉग्लिन यांनी १९८० च्या दशकात अव्वल आणि नवख्या वजनपटूंच्या रॉडचा मार्ग तपासला. अव्वल वजनपटू रॉड छातीवरून उठताच खांद्यांच्या दिशेने मागे नेत होते, नवखे तो सरळ वर ढकलत होते. छातीवर क्षणभर थांबून केलेल्या रेप्स, ज्या स्पर्धेच्या नियमातही बसतात, या टप्प्यावर चांगल्या उपयोगी पडतात. खालची उसळी बंद होते आणि सुरुवातीचा जोर स्वतःच्या बळावर निर्माण करावा लागतो.

पूरक व्यायाम मूळ व्यायामाला जवळचे हवेत. कोल्हापूरच्या तालमीत शेकडो जोर मारणाऱ्या मल्लाचे खांदे आणि छाती विलक्षण दमदार असतात, पण शंभराव्या जोराला लागणारा दम आणि एका जड रेपला लागणारे बळ वेगवेगळे आहेत. अरुंद पकडीचा बेंच, डंबेल प्रेस आणि पाठीसाठी रोइंग एवढे बहुतेकांना पुरते.

आहाराची बाब थोडक्यात सांगता येते. वजन उतरवण्यासाठी पोट मारणाऱ्याचा बेंच अडला, तर त्यात काही गूढ नाही. शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने हा आकडा संशोधनात पुन्हा पुन्हा येतो. डाळ-भात आणि दोन पोळ्यांच्या ताटातून तो सहसा गाठला जात नाही, तिथे दूध, अंडी, पनीर, सोयाबीन किंवा मासे वाढवावे लागतात.

खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचणारी वेदना असेल, तर ती पठारावस्था नाही. तिथे वजन कमी करून डॉक्टरांना दाखवावे. एकट्याने जड बेंच मारायची वेळ आलीच, तर रॅकचे सुरक्षा-दांडे छातीच्या किंचित खाली लावावेत आणि अंगठा रॉडभोवती गुंडाळलेलाच ठेवावा. दांडे नसतील तर प्लेटना क्लिपा लावू नयेत, म्हणजे रॉड अडकल्यास तो एका बाजूला कलवून वजन खाली सोडता येते.