मांडीवरून आसनावर : चाइल्ड सीटच्या जोडणीचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/१२
मोटारीतील लहान मुलाच्या आसनाचा इतिहास म्हणजे बहुधा आसनांच्या बदलत्या रूपांची कथा. त्यामागचा खरा अवघड प्रश्न मात्र वेगळा होता : ते आसन मोटारीला घट्ट जोडायचे कसे? त्याचे समाधानकारक उत्तर मिळायला साठ वर्षांहून अधिक काळ गेला. ते का, हे आज पाहू.

२/१२
१९३३ मध्ये अमेरिकेतील बनी बेअर कंपनीने मुलांसाठी मोटारीतले आसन विकायला काढले. हेतू सुरक्षेचा नव्हता. मूल उंचावर बसावे आणि आईवडिलांची त्याच्यावर नजर राहावी, एवढाच. पुढे लोखंडी नळ्या व कॅनव्हासची आसने आली. ती आकड्यांनी पुढच्या सीटच्या पाठीला अडकवत. काहींना खेळण्यातले स्टीअरिंगही असे.

३/१२
हे आकडे धक्क्यात टिकणारे नव्हते. ताशी ५० किमी वेगाची गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोचे मूल सुमारे १४० किलो वजनाइतक्या जोराने पुढे ओढले जाते. आकडा निसटला की आसन मुलासकट फेकले जाणार. आणि आईचे हात? १४० किलोचा असा अचानक हिसका कोणतेही हात पेलू शकत नाहीत.

४/१२
१९६२ च्या सुमारास दृष्टी बदलली. ब्रिटनमध्ये जीन एम्स आणि अमेरिकेत लेनर्ड रिव्हकिन यांनी मुलाच्या संरक्षणाचा विचार करून आसने घडवली. मुलाला नुसते बसवणे पुरेसे नाही, त्याला धरून ठेवले पाहिजे, हा विचार आता मूळ धरू लागला.

५/१२
त्यापुढचे पाऊल स्वीडनमधले. जेमिनी यानातील अंतराळवीर प्रक्षेपणाचा जोर पाठीवर झेलतात, हे बर्टिल आल्डमन या डॉक्टरांनी हेरले. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड, मान मात्र कोवळी. मग त्याचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला केले तर? धक्का मानेवर न येता सगळ्या पाठीवर विभागला जाईल. १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत अशा आसनाची चाचणी झाली.

६/१२
कल्पना उत्तम, पण जागा कुठली? उलटे आसन पुढेमागे बरीच लांबी व्यापते. १९६७ मध्ये व्होल्वोने पुढची प्रवासी सीटच उलटी फिरवण्याची सोय दिली. इथे आसन गाडीत बसवण्याऐवजी गाडीच आसनासाठी बदलली होती. इतर उत्पादक मात्र या वाटेने फारसे गेले नाहीत. गाडी एकाची आणि आसन दुसऱ्याचे, हीच रीत रूढ झाली.

७/१२
१९७१ मध्ये अमेरिकेत पहिले सरकारी मानक लागू झाले. आसन गाडीच्या सीटबेल्टने बांधता आले पाहिजे आणि मुलाला पट्टे हवेत, असे ते सांगत होते. पण प्रत्यक्ष धडकेची चाचणी त्यात नव्हती. बांधलेले आसन धडकेत टिकते की नाही, हे पाहण्याची सक्तीच नव्हती.

८/१२
मग टेनेसीची लढाई. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्याने १ जानेवारी १९७८ पासून तिथे अमेरिकेतील पहिला चाइल्ड सीट कायदा अमलात आला. पण विधिमंडळाने एक पळवाट ठेवली : मूल मोठ्या माणसाच्या हातांत असेल तरी चालेल! सँडर्स तिच्याविरुद्ध झगडत राहिले. न बांधलेल्या मोठ्या माणसाच्या भाराखाली मूलच चिरडते, म्हणून विरोधक तिला ‘बालक चिरडणारी दुरुस्ती’ म्हणत. १९८१ मध्ये ती रद्द झाली. १९८५ पर्यंत पन्नासही राज्यांत असे कायदे झाले.

९/१२
१९८१ पासून अमेरिकेत धडक-चाचणीही अनिवार्य झाली. कायदा आला, चाचणी आली, तरी गाठ सुटली नाही. चाचणी होई ती प्रयोगशाळेतल्या एका ठरावीक बाकावर, आणि लोकांच्या गाड्या तशा बाकाच्या नव्हत्या. लहान कौटुंबिक गाडीत तर अडचणींची रांगच : सीटला खोलगट उतार, उलट्या आसनाभोवती पुरायला आखूड पट्टा, आसनाच्या कडेवर येऊन टेकणारे बकल आणि पुढची सीट सरकवल्याविना न मिळणारी जागा. चाचणीत उत्तीर्ण झालेले आसन घरच्या गाडीत सैल राही, आणि आईवडिलांना ते कळतही नसे.

१०/१२
म्हणून आसन आणि गाडी बनवणाऱ्यांना एकत्र बसावे लागले. १९९७ मध्ये फोक्सवॅगन आणि रोमर यांची ‘आयसोफिक्स’ पद्धत गोल्फ या लहान कौटुंबिक गाडीत आली. १९९९ मध्ये तिचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. रचना साधी : सीटच्या पाठ-बैठकीच्या सांध्यात गाडीच्या सांगाड्यालाच पक्के केलेले ६ मिमी जाडीचे दोन दांडे, मध्यापासून मध्यापर्यंत अंतर २८० मिमी. आसनाचे चाप त्यांत ‘खट्’कन बसतात. आसन पुढे कलू नये म्हणून वरचा पट्टा किंवा जमिनीवर टेकणारा पाय असतो.

११/१२
तरीही सावधगिरी संपली नाही. गाडीच्या तळात सामानाचा पोकळ कप्पा असेल, तर त्यावर टेकलेला पाय धडकेत खचू शकतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत पुढच्या सीटवर उलट्या आसनात ठेवलेली तान्ही बाळे एअरबॅगच्या आघाताने दगावली. एअरबॅग चालू असलेल्या सीटवर उलटे आसन कधीही लावू नये, ही शिकवण त्यातली. २०१३ पासूनच्या युरोपीय ‘आय-साइझ’ नियमांनुसार मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत उलटेच बसवायचे असते.

१२/१२
आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ब आले : १४ वर्षांखालील मूल सीटबेल्टने किंवा बालआसनाने सुरक्षित केलेले नसेल, तर १,००० रुपये दंड. तरी ‘बाळाला मांडीवरच घ्या, रडतंय ते’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यातली माया खरी आहे. टेनेसीच्या विधिमंडळालाही तीच माया पटली होती, आणि तीन वर्षांनी आपली चूक दुरुस्त करावी लागली. पुढच्या वेळी गाडीत बसाल तेव्हा मागच्या सीटच्या फटीत हात घालून ते दोन दांडे शोधा. साठ वर्षांची खटपट बोटांना लागेल.