ओटा आत आला, खापर बाहेर गेलं

शहाद्याहून तोरणमाळच्या वाटेला लागलं की म्हसावद येतं, मग राणीपूर, मग घाट. सातपुड्याचा हा डोंगर नखशिखांत काळ्या बेसाल्टचा. एवढा काळा दगड दाराशी असताना इथल्या स्वयंपाकघरांत ओट्यावर बसलेला काळा दगड मात्र परगावचा: कडप्पा थेट आंध्रातला, ग्रॅनाइट राजस्थानातलं नाहीतर कर्नाटकातलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणावं, तर तसंही नाही.

बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. घण घातला की त्याचे ठोकळे निघतात, लादी निघत नाही. म्हणून त्याचे पाटे-वरवंटे झाले, जाती झाली, घरांची जोती झाली. कडप्पा हा गाळाच्या थरांतून घडलेला चुनखडक. छिन्नी लावली की वहीची पानं सुटावीत तशा त्याच्या लाद्या सुटतात. शहाबादीचंही तेच. १८७१ मध्ये मुंबईकडून आलेला आणि मद्रासकडून आलेला लोहमार्ग रायचूरला जोडले गेले आणि त्या एकाच वाटेवर शहाबादही आलं, कडप्पाही. पुढे या दोन गावांनी मराठी घरात असं ठाण मांडलं, की जन्मात तिकडे न गेलेली माणसंही 'शहाबादीवर पाणी सांडलंय', 'कडप्पा पुसून घे' असं दिवसातून दहादा म्हणतात.

'ओटा' हा शब्द तरी स्वयंपाकघराचा कुठे होता? ओटा दारापुढचा. त्यावर पान लावायचं, आल्यागेल्याला बसवायचं, गावकीच्या गप्पा हाणायच्या. बैठक बहुधा पुरुषांची. आत स्वयंपाक जमिनीवर. खानदेशातल्या धाब्याच्या घरात मातीची चूल, तिला लागून वैल, मागे भिंतीशी उतरंड. बाई पाटावर बसून भाकरी थापायची आणि वैलावर वरण रटरटत राहायचं.

अशा घरात भिंतीचा रंग निवडणं ही आवडीनिवडीची बाब नव्हती, ती धुराशी केलेली तडजोड होती. खाली हातभर उंचीपर्यंत शेणाचा किंवा गेरूचा पट्टा, कारण डाग, शिंतोडे, पायाची ठोकर सगळं तिथंच. वर चुना, आणि चुन्यात चिमूटभर नीळ, म्हणजे पिवळटपणा मरतो. दिवाळीआधी दिलेला तो हात चुलीवरच्या भागात होळीपर्यंतही पांढरा राहायचा नाही. रंगाची हौस मात्र या मुलखाला जुनी. शहाद्याजवळ तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे इथे १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाणयुगातली माळवा नि जोर्वे धाटणीची भांडी निघाली: तांबूस अंगावर काळ्या रंगाची नक्षी, तीन हजार वर्षांहून जुनी. भिंत काजळायची, रंग भांड्यावर टिकला.

चूल जमिनीवरून उचलली ती गॅसने. १९५५ मध्ये बर्मा शेलने मुंबईत 'बर्शेन' नावाने गॅस विकायला काढला. 'इंडेन'चं पहिलं कनेक्शन १९६५ मध्ये कलकत्त्यात लागलं. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, हा सुरक्षेचा साधा नियम. त्यापायी शेगडीला टेबल लागलं, टेबलाच्या जागी ओटा आला आणि बसलेली बाई उभी राहिली. फ्रँकफुर्टमध्ये १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी कामगारांच्या घरांसाठी स्वयंपाकघर आखलं, तेव्हा बाईची पावलं नि हालचाली मोजल्या होत्या. आपल्याकडे ते काम सिलिंडरच्या उंचीने केलं. खेड्यापाड्यांत तर ते फारच उशिरा झालं. उज्ज्वला योजना २०१६ ची.

तिकडे अमेरिकेत नवं स्वयंपाकघर करणारी मंडळी ओट्यासाठी हौसेने ज्या दगडामागे लागतात, तो म्हणजे संगजिरे, अर्थात सोपस्टोन. त्यात मुख्य भरणा शंखजिऱ्याचा, आणि खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर शंखजिरं सर्वांत खालच्या पायरीवर. नख ओढलं तरी ओरखडा उठतो. पण तापलेलं पातेलं थेट ठेवा, लिंबू पिळा, त्याला काही होत नाही. बेलूरच्या १११७ च्या होयसळ मंदिरातलं दागिन्यासारखं कोरीवकाम याच मऊपणामुळे साधलं. रिओच्या १९३१ च्या भव्य ख्रिस्तमूर्तीला याच्याच चकत्यांचं कातडं आहे, आणि तमिळ घरांत त्याची कलचट्टी अजून चुलीवर चढते. खानदेशात मात्र ते आलं ते पावडरच्या डब्यातून. लसूण ओट्यावरच ठेचायचा, नारळही तिथेच आपटायचा, अशा घरात त्याचा निभाव लागला असता का, शंकाच आहे.

कडप्प्याचं दुखणं उलटं. तो ठोके खातो, पण आंबट त्याला सोसत नाही. चिंचेचा कोळ सांडला किंवा लिंबाची फोड रात्रभर राहिली, की सकाळी तिथे फिकट वळं उमटलेलं. मग फडक्यावर दोन थेंब गोडेतेल घेऊन पूर्ण लादीवर फिरवायचं. वळं काळ्यात बुडतं, संध्याकाळी पुन्हा किंचित वर येतं. गंमत म्हणजे संगजिऱ्याचा ओटाही गडद दिसावा म्हणून तिकडे तेलच चोळतात.

धूर गेला आणि भिंतीला रंग निवडायची मोकळीक मिळाली. आधी ऑइलपेंट, पिस्ता नाहीतर आकाशी, कारण ओल्या फडक्याने पुसता येतो. आर. के. लक्ष्मण यांचा ब्रश धरलेला गट्टू १९५४ पासून एशियन पेंट्सच्या डब्यावर होताच. आता ओट्यामागे चकचकीत टाइल्स आल्या आणि रंगाला उरली ती वरची भिंत. तिच्यासाठीच घरात शेडकार्डावर सर्वांत जास्त वाद. ग्रॅनाइटच्या दुकानातही 'जेट ब्लॅक' की 'टेलिफोन ब्लॅक' यावर अर्धा दिवस जातो. दोन्ही काळेच.

या नव्या ओट्यावर एक गोष्ट बसत नाही: मातीचं खापर. खानदेशातली मोठी पुरणपोळी हातांवर फिरवत, पसरवत उपड्या खापरावर टाकतात. त्याच्या घुमटाला सगळीकडून जाळ लागतो, आणि बर्नरची ज्योत एकाच ठिकाणी. मधे करपतं, कडा कच्च्या राहतात. म्हणून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताजा आमरस काढलेला असतो तेव्हा, मागच्या परसात तीन विटा मांडल्या जातात. त्यावर खापर, खाली काट्याकुट्यांचा जाळ, आणि एखादी म्हातारी पाटावर बसून आतल्या सुनेला हाक मारते, पुरण आण म्हणून. सून ग्रॅनाइटवरचं पातेलं उचलते नि चपला घालून बाहेर येते.