साखरेच्या पैशावर जग पाहिलेला माणूस : विल्हेल्म योस्ट

जर्मनीतील कोलोन शहराच्या मानववंश-संग्रहालयाच्या नावात दोन आडनावे आहेत : राउटेनश्ट्राउख आणि योस्ट. यातले दुसरे साखर कारखानदारांचे. आजचा थ्रेड त्या घराण्यात १८५२ साली जन्मलेल्या विल्हेल्म योस्टविषयी. वारशाने आलेला कारखाना सोडून त्याने जहाज पत्करले.

कोलोन तेव्हा प्रशियाच्या ऱ्हाइन प्रांतात होते. साखर शुद्ध करण्याच्या धंद्यात योस्ट घराणे गडगंज झाले होते, त्यामुळे विल्हेल्मला प्रवासासाठी कोणाकडे हात पसरावा लागला नाही. विशीतच त्याने उत्तर आफ्रिका आणि दोन्ही अमेरिका पालथ्या घातल्या.

१८७९ साली तो आशियाकडे वळला. भारत, सेलेबीस, फोर्मोसा, जपान अशी मजल मारत १८८१ मध्ये तो सायबेरियातून खुष्कीच्या मार्गाने घरी परतला. त्या प्रदेशातील प्रसिद्ध लोहमार्गाचे काम सुरू व्हायला अजून दहा वर्षे अवकाश होता! घोडागाड्या आणि नदीवरच्या आगबोटी, एवढाच आधार. १८८३ साली या प्रवासाचे पुस्तक आले. त्याच वर्षी सेलेबीसमधील होलोंतालो भाषेचा शब्दसंग्रह व व्याकरणाची रूपरेषाही त्याने प्रसिद्ध केली. १८८७ साली गोंदणावर ग्रंथ लिहिला. हौशी श्रीमंताचा हा फावल्या वेळचा उद्योग नव्हता, हे मान्य करावेच लागते.

पण प्रत्येक फेरीत तो वस्तू जमवत होता, आणि खरा प्रश्न तिथे आहे. बर्लिनचा आडोल्फ बास्टिआन तेव्हा सांगत असे की, या संस्कृती लवकरच नामशेष होतील, तेव्हा त्यांच्या वस्तू तरी वाचवा. योस्ट याच वर्तुळातला. गंमत अशी (गंमत म्हणणेही जड जाते) की, ज्या आगबोटी आणि ज्या वसाहती व्यापारामुळे ते जीवन मोडत होते, त्यांच्याच आधाराने संग्राहक तिथवर पोहोचत होता. योस्टला पुष्कळदा ‘स्वतंत्र प्रवासी’ म्हटले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. त्याच्यावर सरकारचा हुकूम चालत नव्हता, पण साम्राज्यांनी खुल्या केलेल्या वाटांशिवाय तो फार दूर गेला नसता.

शेवटचा प्रवास प्रशांत महासागराचा. सांताक्रूझ बेटांवर काही महिने राहून निघाल्यावर, नोव्हेंबर १८९७ मध्ये, जहाजावरच त्याचा मृत्यू झाला. वय अवघे पंचेचाळीस.

बहीण आडेले राउटेनश्ट्राउख हिच्याकडे त्याचा संग्रह आला. १८९९ साली तिने साडेतीन हजारांहून अधिक वस्तू कोलोन शहराला दिल्या. १९०६ साली संग्रहालयाची इमारत उघडली. दारावर घराण्याचे नाव लागले. आतल्या बहुतेक वस्तू घडवणाऱ्यांची नावे मात्र कोणी टिपून ठेवली नव्हती.

योस्टच्या मृत्यूच्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आफ्रिकेतील बेनिनचा राजवाडा लुटला. ती लूट योस्टची नव्हे, पण तिच्यातील कलाकृती पुढे बाजारातून फिरत याही संग्रहालयात आल्या. डिसेंबर २०२२ मध्ये कोलोनने अशा ९२ कलाकृतींची मालकी नायजेरियाला देण्याचे ठरवले आणि त्यांतील तीन त्याच महिन्यात नायजेरियात पोहोचल्या.