किरिलोव्ह रायोन

किरिलोव्ह रायोन : रशियाच्या वायव्य भागातील वोलोग्दा ओब्लास्तमधील एक ग्रामीण प्रशासकीय विभाग. क्षेत्रफळ सुमारे ५,४०० चौ. किमी. लोकसंख्या सुमारे १६ हजार (२०१०). मुख्य ठिकाण किरिलोव्ह. ते सिवेर्स्कोये सरोवराच्या काठी, ६० अंश उत्तर अक्षवृत्ताच्या किंचित दक्षिणेला वसले आहे. ओब्लास्त हा रशियन संघराज्याचा प्रांत आणि रायोन हा त्याखालचा, साधारण आपल्याकडच्या तालुक्याच्या पातळीचा घटक. वोलोग्दा ओब्लास्तमध्ये असे २६ रायोन आहेत. किरिलोव्हच्या उत्तरेला आर्खांगेल्स्क ओब्लास्त, पूर्वेला वोझेगा, पश्चिमेला बेलोझेर्स्क आणि वाश्की, तर दक्षिणेच्या अंगाला वोलोग्दा, शेक्सना आणि चेरेपोवेत्स हे रायोन येतात.

दर चौरस किलोमीटरला जेमतेम तीन माणसे असलेल्या या मुलखात युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतले एक स्थळ, रशियातल्या सर्वांत मोठ्या तटबंद मठांपैकी एक, एक राष्ट्रीय उद्यान आणि दोन समुद्रांच्या पाण्याला जोडणारा कालवा आहे. इतके सगळे एका ठिकाणी आले ते जमिनीच्या ठेवणीमुळे. हा प्रदेश जलविभाजकावर आहे, आणि इथला व्यापार, मठ, शहर, कालवा, कचेरी या सगळ्यांची मुळे त्या जलविभाजकापर्यंत जातात.

भूवर्णन : हिमयुगातल्या हिमनद्यांनी घडवलेली ही भूमी आहे. हिमनद्या मागे सरताना त्यांनी आणलेली वाळू, गोटे आणि माती इथेच पडली. तिच्या बुटक्या टेकड्या झाल्या आणि मधल्या खोलगटांत पाणी साचून सरोवरे व दलदली तयार झाल्या. गोरित्सीजवळची माउरा आणि फेरापोंतोवोजवळची त्सिपिना या टेकड्या आपल्या डोंगरांच्या मानाने ठेंगण्याच. पण सपाट मुलखात त्यांच्या माथ्यावरून सरोवरे, नदीचे वळण आणि मठांचे कळस एका नजरेत येतात.

पाण्याच्या तीन वाटा इथून फुटतात. पश्चिमेकडची शेक्सना नदी बेलोये म्हणजे श्वेत सरोवरातून निघून व्होल्गेच्या खोऱ्यात उतरते. तिचे पाणी शेवटी कॅस्पियनला मिळते. आग्नेयेकडची पोरोझोवित्सा नदी कुबेन्स्कोये सरोवराला मिळते. तिथून सुखोना आणि पुढे उत्तर द्वीना या नद्यांवाटे ते पाणी आर्खांगेल्स्कजवळ श्वेत समुद्रात जाते. ईशान्येला चारशे चौ. किमी.हून अधिक विस्ताराचे, उथळ वोझे सरोवर आहे. त्याचे पाणी स्विद नदीने लाचा सरोवरात आणि ओनेगा नदीने श्वेत समुद्रात पोचते. शेक्सना आणि पोरोझोवित्सा यांच्यामधला भूभाग अरुंद आणि फारसा उंच नाही. त्यामुळे एका खोऱ्यातला माल दुसऱ्या खोऱ्यात न्यायचा तर होड्या आणि ओझी जमिनीवरून ओढून नेण्याची सोय इथे होती. जुन्या काळी नोव्हगोरोडचे व्यापारी उत्तरेच्या फरच्या जंगलांकडे याच वाटेने जात. निकोल्स्की तोर्झोक हे बाजाराचे गाव या वाटेवरच वाढले.

हवामान : हिवाळा लांब आणि कडक असतो. जानेवारीचे सरासरी तापमान उणे १२ अंश से.च्या आसपास, तर जुलैचे १७ अंशांच्या आसपास राहते. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत जमीन बर्फाखाली असते आणि सरोवरांवर माणसे, घसरगाड्या, क्वचित मोटारीही चालतात. जूनमध्ये मात्र रात्र अशी होतच नाही. मध्यरात्रीही आकाशात उजेड रेंगाळतो. बर्फ वितळण्याचे आणि शरदातल्या पावसाचे दिवस सर्वांत अडचणीचे. तेव्हा पाण्यावरचा बर्फ भार पेलत नाही आणि कच्चे रस्ते चिखलात बुडतात.

वनश्री आणि प्राणी : स्प्रूस, पाइन आणि बर्च यांची जंगले रायोनचा मोठा भाग व्यापतात. अस्वल, लांडगा, एल्क आणि बीव्हर यांचा इथे वावर आहे. दलदलीत क्रॅनबेरी आणि पिवळसर केशरी क्लाउडबेरी पिकते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात घरोघरची माणसे बेरी आणि अळंबी गोळा करायला रानात जातात; वर्षभराची बेगमी आणि थोडी रोकड दोन्ही त्यातून मिळते. १९९२ साली स्थापन झालेल्या ‘रुस्की सेव्हेर’ (रशियन उत्तर) या राष्ट्रीय उद्यानाचा विस्तार सुमारे १,६६४ चौ. किमी. आहे. वनांबरोबरच गावे, शेते आणि मठही त्याच्या हद्दीत येतात. माणसाने सहा शतके वापरलेला भूप्रदेश जसाच्या तसा जपणे हे या उद्यानाचे वैशिष्ट्य. लेडीज स्लिपर आणि कॅलिप्सो ही दुर्मीळ ऑर्किडे इथल्या रानात आढळतात.

मठांचा काळ : १३९७ साली मॉस्कोच्या सिमोनोव्ह मठातून किरिल आणि फेरापोंत हे दोन साधू इथे आले. किरिल सिवेर्स्कोयेच्या काठी राहिला. फेरापोंतने पुढच्याच वर्षी ईशान्येला दोन सरोवरांमधल्या टेकाडावर वेगळा मठ उभारला. एकांतासाठी निवडलेली ही जागा व्यापाराच्या वाटेपासून मात्र दूर नव्हती. मॉस्कोच्या राजघराण्यालाही उत्तरेत आपला पाय रोवायचा होता, म्हणून दानपत्रे आणि सवलती येत गेल्या. दोन शतकांत किरिलो-बेलोझेर्स्की मठ रशियातल्या बड्या जमीनदारांमध्ये गणला जाऊ लागला. गावे, मिठाचा व्यापार आणि मासेमारीचे हक्क त्याच्याकडे होते. १४९७ मध्ये तिथे दगडी उस्पेन्स्की कथीड्रल बांधले गेले. १६१२-१३ च्या धामधुमीत पोलिश-लिथुआनियन टोळ्यांचे हल्ले मठाने परतवले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात नवी तटबंदी उभी राहिली. सुमारे ११ मी. उंच आणि ७ मी. रुंद असलेल्या या तटात तीन मजले आहेत. आतल्या कमानदार सज्ज्यांतून चालताना बाहेरचे सरोवर बंदुकीच्या झरोक्यांतून तुकड्यातुकड्याने दिसते.

मठाच्या ग्रंथसंग्रहाची कीर्तीही मोठी. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात येफ्रोसिन नावाच्या साधूने इथे हस्तलिखिते नकलून काढली. ‘झादोन्श्चिना’ या युद्धकाव्याची ज्ञात असलेली सर्वांत जुनी प्रत त्याच्याच हातची. त्याच्या संग्रहांत ‘राहमान’, म्हणजे भारतातल्या ब्राह्मणांच्या अद्भुत जीवनाविषयीचे एक आख्यानही आहे. त्याच सुमारास त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन चौलला उतरून जुन्नरमार्गे बिदरला पोचला होता. भारत येफ्रोसिनला पोथीतून भेटत होता आणि निकितिनला प्रत्यक्ष. मठातल्या हस्तलिखितांचा मोठा भाग आज सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

या श्रीमंतीला विरोधही इथूनच झाला. नील सोर्स्की (१४३३–१५०८) हा याच मठाचा साधू. ग्रीसमधल्या एथोस पर्वताची यात्रा करून परतल्यावर तो सोरा या छोट्या नदीकाठच्या रानात राहू लागला. साधूंनी जमिनी बाळगू नयेत, हातांच्या कष्टावर जगावे, असे तो सांगे. १५०३ च्या धर्मसभेत मठांच्या मालमत्तेवरून जो वाद झाला, त्यात त्याचे नाव अग्रभागी येते. त्या वादात मठांच्या जमिनी राहिल्या आणि त्या पुढे अडीचशे वर्षे टिकल्या.

फेरापोंतोवोचा मठ आकाराने लहान, पण त्याचे मोल वेगळे आहे. तिथले दगडी चर्च १४९० चे. १५०२ साली दिओनिसी हा चित्रकार आपल्या मुलांना घेऊन आला आणि त्यांनी या चर्चच्या भिंती रंगवल्या. ६ ऑगस्टला काम सुरू होऊन ८ सप्टेंबरला संपल्याचे उत्तरेच्या दारावरच्या लेखात नोंदले आहे. पश्चिमेच्या दर्शनी भिंतीवर मेरीच्या जन्माचा प्रसंग आहे. आत निळसर, फिकट हिरवे, गुलाबी आणि गेरूच्या छटांचे रंग आहेत. आकृत्या लांबसडक, हलक्या, जमिनीला जेमतेम टेकलेल्या वाटतात. या चित्रांवर नंतर कुणी नवे थर चढवले नाहीत. त्या काळातल्या रशियन चर्चमधली चित्रे इतक्या पूर्णपणे, मूळ हातांच्या कामासह टिकलेली फार थोडी आहेत. २००० साली युनेस्कोने या मठसमूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. भिंतींना धोका पोचू नये म्हणून आतले तापमान आणि आर्द्रता पाहूनच प्रवेश दिला जातो.

राजसत्तेने हा दूरचा मुलूख नावडत्या माणसांसाठीही वापरला. इव्हान द टेरिबलची काकू येफ्रोसिन्या स्तारित्स्काया हिने १५४४ मध्ये शेक्सनाकाठी गोरित्सीचा स्त्रियांचा मठ स्थापला. पुढे तिलाच तिथे साध्वी म्हणून पाठवले गेले आणि १५६९ मध्ये झारच्या हुकमावरून तिला नदीत बुडवण्यात आले. रशियन चर्चच्या धर्मप्रमुखपदावरून दूर केलेला निकोन १६६६ पासून दहा वर्षे फेरापोंतोवोत आणि नंतर १६८१ पर्यंत किरिलोव्हच्या मठात नजरकैदेत होता. फेरापोंतोवोच्या बोरोदायेव्हस्कोये सरोवरात त्याने दगड टाकून क्रुसाच्या आकाराचे एक बेट घडवले.

शहर आणि कालवा : १७६४ मध्ये दुसऱ्या कॅथरीनने मठांच्या जमिनी सरकारजमा केल्या. ज्या गावांचा कारभार मठाच्या कचेरीतून चाले, त्यांना आता सरकारी कचेरी हवी होती. म्हणून १७७६ मध्ये मठालगतच्या वस्तीला शहराचा दर्जा मिळाला. मठाच्याच संस्थापकाच्या नावाने किरिलोव्ह हे एका उयेझ्दचे, म्हणजे जुन्या रशियातल्या जिल्ह्याचे, ठाणे झाले. पन्नास वर्षांनी होड्या ओढण्याच्या जुन्या वाटेलाही नवे रूप आले. १८२५ ते १८२८ या काळात तोपोर्न्यापासून शेक्सनेला पोरोझोवित्सा आणि कुबेन्स्कोयेशी जोडणारा कालवा खणला गेला. वाटेतली छोटी सरोवरे त्यात गुंफली गेली आणि किरिलोव्हचे सिवेर्स्कोयेही त्यात आले. त्याला प्रथम वुर्टेम्बर्गच्या ड्यूक अलेक्झांडरचे नाव होते. आज तो उत्तर द्वीना कालवा म्हणून ओळखला जातो. पहिल्या महायुद्धात आर्खांगेल्स्क बंदराचे महत्त्व वाढले, तेव्हा त्याची पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. १९६४ मध्ये मोठा व्होल्गा-बाल्टिक जलमार्ग खुला झाला. शेक्सनेचे पाणी चढले, काठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, आणि गोरित्सीच्या धक्क्याला मॉस्को-सेंट पीटर्सबर्ग मार्गावरच्या प्रवासी बोटी लागू लागल्या.

प्रशासन : विसाव्या शतकात या मुलखाचा वरचा मालक वारंवार बदलला. नोव्हगोरोड गुबेर्नियातला, म्हणजे जुन्या रशियातल्या प्रांतातला, हा उयेझ्द १९१८ मध्ये नव्या चेरेपोवेत्स गुबेर्नियात गेला. १९२७ मध्ये उयेझ्द मोडून रायोन झाले, तेव्हा किरिलोव्ह लेनिनग्राड ओब्लास्तमध्ये आला. सप्टेंबर १९३७ मध्ये वोलोग्दा ओब्लास्त तयार झाल्यावर तो तिकडे जोडला गेला आणि तिथेच राहिला. शेजारचा चारोझेरोचा रायोन पुढे मोडून याच्यात मिसळण्यात आला. रायोन उत्तरेकडे इतका लांब पसरला तो त्यामुळे.

रशियाच्या १९९३ च्या राज्यघटनेनुसार स्थानिक स्वराज्य हे राज्यसत्तेपासून वेगळे मानले जाते. त्यामुळे रायोन हा प्रशासकीय विभाग एकीकडे आणि निवडून आलेली परिषद व प्रमुख असलेली नगर-ग्राम संस्था दुसरीकडे, अशी दुहेरी रचना आली. २००३ च्या संघीय कायद्याने रायोनच्या पातळीखाली शहर आणि ग्रामीण वस्त्यांच्या स्वतंत्र परिषदा निर्माण केल्या. त्यांना स्वतःचे अंदाजपत्रक होते, पण करांचे उत्पन्न तुटपुंजे. शंभर-दोनशे घरांच्या क्षेत्राला रस्ते, दिवे आणि पाणी यांचा भार पेलत नसे. २०२२ मध्ये या परिषदा विसर्जित करून सगळा रायोन एकच नगर-ग्राम ओक्रुग करण्यात आला. आता एक परिषद, एक प्रमुख, एक अंदाजपत्रक. बचत आणि हिशेबाची सोय झाली, पण दूरच्या गावांचा हक्काचा प्रतिनिधी जवळ राहिला नाही. २०१८ च्या कायद्याने मान्यता दिलेले ‘स्तारोस्ता’, म्हणजे गावचा वडीलधारा प्रतिनिधी, हे पद त्यामुळे अधिक मोलाचे ठरते. बर्फ हटवायचा, विहीर दुरुस्त करायची किंवा फिरत्या दुकानाची गाडी वेळेवर आली नाही, तर गावकरी आधी त्याच्याकडे जातात.

लोकजीवन आणि अर्थव्यवस्था : रायोनची जवळजवळ निम्मी लोकसंख्या एकट्या किरिलोव्हमध्ये राहते. उरलेली शेकडो लहान वस्त्यांत विखुरली आहे, आणि त्यांतल्या कित्येक फक्त उन्हाळ्यात जाग्या होतात. सामुदायिक शेतीकरण, युद्धातली हानी आणि शहरांतल्या कारखान्यांची ओढ यांनी गावे रिती केली. १९६०–७० च्या दशकांत ‘भवितव्य नसलेली’ म्हणून शिक्का बसलेल्या खेड्यांतली शाळा, दुकान आणि दवाखाना बंद पडत गेला, आणि माणसेही निघून गेली. आज दुग्धव्यवसाय, लाकूडतोड, मासेमारी आणि पर्यटन हे मुख्य व्यवसाय आहेत. १९२४ मध्ये बंद झालेल्या मठात त्याच वर्षी सुरू झालेले संग्रहालय शहरातल्या प्रमुख संस्थांपैकी एक आहे.

वोझे सरोवरकाठचे चारोंदा हे या बदलांचे ठळक उदाहरण. श्वेत सरोवर आणि ओनेगा यांमधल्या जलमार्गावर असल्यामुळे सोळाव्या-सतराव्या शतकांत ते भरभराटले आणि अठराव्या शतकाच्या आरंभी त्याला काही काळ शहराचा दर्जाही होता. व्यापार दुसऱ्या वाटांनी वळल्यावर त्याच शतकात तो दर्जा गेला. गावाला बारमाही रस्ता झाला नाही. उन्हाळ्यात बोटीने आणि हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून तिथे जाता येते. मोठे दगडी चर्च उभे आहे, लाकडी घरे मात्र ओस पडली आहेत.

दळणवळण : रायोनमधून रेल्वे जात नाही; जवळची मोठी स्थानके वोलोग्दा आणि चेरेपोवेत्स ही आहेत. वोलोग्दा ते मेदवेझ्येगोर्स्क हा महामार्ग किरिलोव्हवरून जातो. वोलोग्दाहून किरिलोव्ह सुमारे १३० किमी. अंतरावर आहे. किरिलोव्हहून फेरापोंतोवो आणि गोरित्सी या दोन्ही ठिकाणी पक्का रस्ता आहे. शेक्सनेवरची बोट वाहतूक साधारण मेपासून ऑक्टोबरपर्यंत चालते, आणि बहुतेक पर्यटक याच काळात येतात.