दिवेलागण ते एलईडी : मुंबईच्या पेढ्या, बाजार आणि गिरण्यांतला उजेड

मुंबईतल्या व्यवसायाच्या जागांमधला दिवा गेल्या दोनशे वर्षांत तेल, गॅस, विजेचा बल्ब, ट्यूबलाइट आणि एलईडी अशा पाच अवस्थांतून गेला. दर बदलाबरोबर दुकान उघडे राहण्याची वेळ, कामाचे तास, आगीची भीती आणि मालाचा रंग ओळखण्याची रीत यांतही काही ना काही बदलले. एलईडीमुळे काय फायदा होतो हे नीट कळायचे, तर आधीच्या दिव्यांनी काय दिले आणि त्याची काय किंमत घेतली, ते क्रमाने पाहावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाजाराचा दिवस सूर्यावर चालत असे. पेढीवर समई किंवा हंडीतला तेलाचा दिवा लागे. त्यात खोबरेल, करडई किंवा एरंडेल जळे. त्या उजेडात हिशेबाची वही वाचता येई, पण कापडाचा पोत किंवा धान्यातले खडे दिसत नसत. म्हणून खरेदी दिवसा होई आणि दिवेलागणीनंतर उरलेले काम म्हणजे जमाखर्च. संध्याकाळी दिवा लावला की दुकानदार त्याला हात जोडी. आजही अनेक दुकानांत संध्याकाळी बटण दाबल्यावर मालक आणि नोकर दिव्याला नमस्कार करतात. दिवा बदलला, रीत टिकली. शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आले आणि त्याच्या कंदिलांनी व चिमण्यांनी उजेड स्वस्त केला. मात्र धूर, काजळी आणि आग यांची धास्ती वाढली. कापूस, ताग आणि कापड यांच्या वखारींत उघडी ज्योत नेणे धोक्याचेच होते.

मुंबईत गॅसचे दिवे १८६५ च्या ऑक्टोबरात लागले. भेंडीबाजार, एस्प्लनेड रोड आणि चर्चगेट स्ट्रीट हे पहिले रस्ते होते. दगडी कोळशापासून गॅस तयार करून तो जमिनीखालच्या नळांतून आणला जाई. रस्ता उजळल्याने संध्याकाळनंतरही गिऱ्हाईक बाजारात रेंगाळू लागले. नळ ज्या इमारतींपर्यंत पोहोचला, तिथे गॅस आतही आला. सुरुवातीची गॅसची ज्योत उघडी, पिवळी आणि धुरकट असे. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ च्या सुमारास मॅन्टल, म्हणजे ज्योतीत तापून उजळणारी जाळी, शोधले आणि त्याच गॅसचा उजेड कितीतरी पांढरा व तेजस्वी झाला. मॅन्टलला लागणारे थोरियम मोनाझाइट या खनिजातून मिळते. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची वाळू या खनिजाने समृद्ध असल्याचे १९०९ मध्ये कळले आणि जगभरच्या मॅन्टल कारखान्यांची नजर तिकडे वळली. रॉकेलवर चालणारी पेट्रोमॅक्स म्हणजे आपली गॅसबत्ती याच मॅन्टलवर पेटे. जिथे नळ पोहोचला नाही आणि पुढे तारही उशिरा पोहोचली, अशा आठवडी बाजारांत, जत्रांत आणि फेरीवाल्यांच्या गाड्यांवर तिने अनेक दशके काम केले.

विजेच्या दिव्याचा मुंबईतला पहिला मोठा प्रयोग एका बाजारातच झाला. १८६९ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत, १८८२ साली ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने नगरपालिकेशी करार करून विजेचे दिवे लावले. आसपासच्या काही रस्त्यांवरही ते लागले. पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि मंडई परत गॅसवर आली. विजेचा उजेड तेव्हाही गॅसपेक्षा सरस होता. उणीव होती ती भरवशाच्या आणि परवडणाऱ्या पुरवठ्याची. तो उभा राहायला आणखी दोन दशके लागली. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी वाडीबंदरच्या केंद्रातून वीज सुरू झाली. १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावली. १९१५ पासून टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून गिरण्यांना वीज मिळू लागली. या वाढत्या पुरवठ्यामुळे दुकानांना आणि कचेऱ्यांना वीज आवाक्यातली झाली.

विजेच्या दिव्याचा सर्वांत खोल परिणाम गिरण्यांत झाला. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. तेव्हापासून विजेचे दिवे येईपर्यंत गिरणीचा दिवस म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंत. त्यामुळे उन्हाळ्यात काम लांबे आणि हिवाळ्यात आखूड होई. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये कामगारांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे अशी एक मागणी होती. कामाच्या वेळेची हद्द सूर्यावर ठरवता येत होती, कारण त्यानंतर सूत दिसतच नसे. विजेच्या बंद काचेतल्या दिव्याने ही हद्द पुसली. या दिव्याला उघडी ज्योत नव्हती, त्यामुळे कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेतही तो गॅसपेक्षा कमी धोक्याचा होता. पुरुष कामगारांच्या तासांवर १८९१ च्या कारखाने कायद्यात मर्यादा नव्हती. तेजीच्या काळात, विशेषतः १९०५ च्या सुमारास, दिवे लागलेल्या गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. त्याविरुद्ध कामगारांचा असंतोष उसळला, सरकारी चौकशा झाल्या आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. कामाचे तास कायद्याने बांधावे लागले, त्यामागे हा दिवाही एक कारण होता. पुढे १९३९ च्या मुंबईच्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानांच्या वेळा बांधल्या. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या सतराव्या कलमाने तर कामाच्या जागी पुरेसा व योग्य उजेड ठेवणे आणि डोळ्यांवर येणारी तिरीप टाळणे ही मालकाची जबाबदारी केली.

तारेचा बल्ब मात्र वीज फारच उधळे. त्यात टंगस्टनची तार तापून पांढरी होते आणि खर्च झालेल्या विजेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णता म्हणून जातो. एका वॉटला त्याचा उजेड बारा ते पंधरा ल्युमेन आणि आयुष्य सुमारे हजार तास. १९३८ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेली ट्यूबलाइट याच्या कितीतरी पट कार्यक्षम निघाली. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत ती बँका, शाळा, कचेऱ्या, उपाहारगृहे आणि किराणा दुकानांत सर्वत्र पोहोचली. पट्टी, चोक आणि स्टार्टर हे शब्द घरोघरी गेले. चाळीस वॉटच्या नळीबरोबर तांब्याचा चोक आणखी दहा-बारा वॉट खाई, तरी हिशेब फायद्याचाच होता. तिचा दोष रंगात होता. साध्या नळीखाली लाल फिका पडे आणि जांभळा व निळा ओळखता येत नसे. साडीच्या दुकानात गिऱ्हाइकाने लुगडे हातात घेऊन दाराशी उजेडात जायचे, हा रिवाज या नळीच्या काळात पक्का झाला. सराफांनी सोन्यासाठी पिवळे बल्ब ठेवले आणि पुढे काचेच्या कपाटांत हॅलोजन बसवले. हॅलोजनखाली दागिना झळके, पण पन्नास वॉटचा एकेक दिवा पेढी तापवी आणि ती उष्णता काढायला वातानुकूलन यंत्राला जादा काम पडे.

एलईडीचा उगम दिवे बनवणाऱ्या धंद्यात नव्हता. तो अर्धवाहकांच्या प्रयोगशाळेत झाला. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी दाखवला. तीन दशके त्याचा उपयोग घड्याळे, गणकयंत्रे आणि यंत्रांवरचे सूचक ठिपके यांपुरता राहिला, कारण पांढऱ्या प्रकाशासाठी लागणारा निळा एलईडी साधत नव्हता. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या जपानमध्ये काम करणाऱ्या संशोधकांनी गॅलियम नायट्राइडच्या स्फटिकांवर तो साधला. १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी जाहीर झाला. त्यावर पिवळा फॉस्फर लावला की पांढरा प्रकाश मिळतो. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. भारतात २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत सरकारी कंपनीने घाऊक खरेदी केली. २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना घेतलेल्या बल्बचा खरेदीदर दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला. योजना घरांसाठी होती, पण या स्वस्ताईचा लाभ दुकाने आणि कारखान्यांनाही झाला.

व्यवसायाच्या जागेला यातून काय मिळते, ते एका उदाहरणाने स्पष्ट होते. एका दुकानात चोकसह पन्नास वॉट घेणाऱ्या २० नळ्या आहेत असे धरू. म्हणजे १,००० वॉट. त्यांच्या जागी वीस वॉटच्या एलईडी पट्ट्या बसवल्या, तर भार ४०० वॉट होतो. रोज बारा तास आणि वर्षाला ३०० दिवस दुकान चालले, तर ३,६०० तासांत २,१६० युनिट वाचतात. युनिटला १० रुपये दर धरला, तर बचत २१,६०० रुपये होते. दुकान वातानुकूलित असेल, तर दिव्यांची ६०० वॉट उष्णता कमी झाल्याने यंत्राचीही अंदाजे २०० वॉट वीज वाचते. बदलाचा मजुरीखर्चही घटतो. हजार तासांचा बल्ब अशा दुकानात वर्षात तीन-चारदा बदलावा लागे. पंचवीस हजार तास चालणारा एलईडी सुमारे सात वर्षे टिकू शकतो. छत उंच असलेल्या शेडमध्ये, जिथे दिवा बदलायला शिडी किंवा मचाण लावून काम थांबवावे लागते, तिथे हा फायदा वीजबिलाइतकाच मोठा ठरतो.

शेडमध्ये पूर्वी ४०० वॉटचे मेटल हॅलाइड दिवे असत. क्षणभर वीज गेली तरी ते विझत आणि गार होऊन परत पेटायला कित्येक मिनिटे लागत. तेवढा वेळ यंत्रे अंधारात राहात. एलईडी लगेच पेटतो. शीतगृहात नळीचा उजेड थंडीने मंदावतो, एलईडीचा मंदावत नाही. नळीतला पारा एलईडीत नसतो. त्याच्या प्रकाशात अतिनील आणि उष्ण किरणे अत्यल्प असल्याने कपाटातले कापड व चित्रे कमी विटतात. रंगाचा प्रश्नही सुटू शकतो. मात्र त्यासाठी रंगदर्शन निर्देशांक, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे माप, पाहून दिवा घ्यावा लागतो. कापड, सराफी, भाजी आणि मांस यांच्या दुकानांत हा निर्देशांक ९० च्या वर असलेला बरा.

तोटेही ठाऊक असावेत. एलईडीत बहुधा आधी बिघडतो तो त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला योग्य वीज पुरवणारा भाग. बंदिस्त, हवा न खेळणाऱ्या छतात आणि वरखाली होणाऱ्या विजेच्या दाबावर स्वस्त ड्रायव्हर डब्यावर छापलेल्या तासांच्या बऱ्याच आधी जातो. हलक्या दिव्यांचा उजेड लपलपतो आणि डोळे थकवतो. जुन्या पट्टीत नुसती नवी नळी घालताना चोक व स्टार्टरची जोडणी नीट बदलली नाही, तर अपघाताचा धोका राहतो. निकामी एलईडी ई-कचऱ्यातच द्यावा लागतो.

आणखी एक धोका हिशेबाचा आहे. भेंडीबाजारात गॅस पेटला त्याच १८६५ साली इंग्लंडमध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी कोळशावरच्या आपल्या ग्रंथात दाखवले, की इंधनाचा वापर कार्यक्षम झाला की इंधनाची एकूण मागणी घटण्याऐवजी वाढू शकते. मुंबईच्या दिव्यांच्या इतिहासात हेच घडत आले. दर टप्प्यावर उजेड स्वस्त झाला आणि ती स्वस्ताई अधिक दिवे व अधिक तास यांत खर्च झाली. एलईडी आल्यावर दुकानांच्या दर्शनी भागावर, छताच्या कडांना आणि पाट्यांमागे दिव्यांच्या माळा लागल्या, त्याही याच ओढीने. म्हणून दिवे बदलताना जागेचा एकूण भार किती वॉट होता आणि किती झाला, हे लिहून ठेवावे, आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचे बिल शेजारी ठेवून युनिट मोजावेत. ज्या जागेत हा आकडा उतरतो, तिथेच एलईडीने खर्च वाचवला असे म्हणता येते. इतरत्र त्याने फक्त उजेड वाढवलेला असतो.