डेटा मॉडेल (मोबाइल अ‍ॅप)

मोबाइल अ‍ॅपमधील डेटा मॉडेल (विदा प्रतिमान) म्हणजे अ‍ॅप बंद झाल्यावर किंवा फोन पुन्हा सुरू केल्यावरही टिकून राहावी अशी माहिती फोनमध्ये कोणत्या रचनेत साठवायची, याचा आराखडा होय. चालू अ‍ॅपची माहिती तात्पुरत्या स्मृतीत असते व अ‍ॅप बंद होताच नाहीशी होते. ती टिकवण्यासाठी फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये लिहावी लागते.

पार्श्वभूमी

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती परस्परसंबंधित सारण्यांत मांडण्याची संकल्पना प्रसिद्ध केली. तिच्यावर आधारित एसक्यूलाइट हा डेटाबेस २००० मध्ये उपलब्ध झाला. संपूर्ण डेटाबेस एकाच फाइलमध्ये मावत असल्याने तो मोबाइलसाठी सोयीचा ठरला. अ‍ॅपलची कोअर डेटा ही प्रणाली २००५ मध्ये मॅक संगणकांवर व २००९ मध्ये आयफोनवर आली. अँड्रॉइडसाठी गूगलने २०१७ मध्ये रूम हे ग्रंथालय दिले. या दोन्ही प्रणाली एसक्यूलाइटचा वापर करतात.

रचना

डेटा मॉडेलचे घटक, गुणधर्म आणि संबंध असे तीन भाग असतात. महाराष्ट्रातील सातबारा उतारा हे अशा रचनेचे कागदावरील परिचित रूप आहे: गाव नमुना सातमध्ये जमिनीचे हक्क, तर बारामध्ये पिकांची नोंद असते. महसूल विभागाने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू केलेल्या ई-पीक पाहणी अ‍ॅपमुळे शेतकरी पिकाची नोंद छायाचित्रासह स्वतः करू लागले.

उदाहरण

पुढील मांडणी केवळ स्पष्टीकरणासाठी आहे. ती कोणत्याही प्रचलित अ‍ॅपची अंतर्गत रचना नव्हे. सांगली जिल्ह्यातील ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) हे वाळवा तालुक्याचे मुख्यालय असून परिसरात ऊस हे प्रमुख पीक आहे. तेथील पीकनोंदीच्या अ‍ॅपसाठी खातेदार, गट आणि पीकनोंद हे घटक लागतील.

* एका खातेदाराचे अनेक गट आणि एका गटाचे अनेक खातेदार असू शकतात. त्यामुळे दोहोंना जोडणारी, हिस्सा दर्शवणारी वेगळी सारणी आवश्यक ठरते.
* एकच गट क्रमांक अनेक गावांत आढळतो. म्हणून केवळ त्यावरून गट ओळखता येत नाही. गावाचा संकेतांकही लागतो.
* जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सुमारे १६ ते १८ महिने शेतात उभा असतो. 'वर्ष' हा एकच गुणधर्म ठेवल्यास एकाच पिकाच्या दोन नोंदी होण्याचा धोका असतो. लागणीची व तोडणीची तारीख स्वतंत्र ठेवणे योग्य ठरते.
* खोडवा त्याच बुडख्यांपासून येत असला तरी त्याची नोंद वेगळी हवी. ती मूळ लागणीच्या नोंदीशी जोडता येते.

आवृत्तीबदल

अ‍ॅप सुधारताना मॉडेल बदलल्यास जुनी माहिती नव्या रचनेत आणावी लागते. या प्रक्रियेस स्थलांतर म्हणतात. रूममध्ये स्थलांतराचा मार्ग न दिल्यास अ‍ॅप त्रुटी दाखवून बंद पडते. जुन्या सारण्या पुसून नव्या बनवण्याचा पर्यायही उपलब्ध आहे. मात्र नेटवर्कअभावी सर्व्हरवर न पोहोचलेल्या नोंदी फोनमध्ये असल्यास त्या कायमच्या नष्ट होतात. यासाठी प्रत्येक नोंदीसोबत 'पाठवली' किंवा 'प्रलंबित' अशी स्थिती साठवतात व प्रलंबित नोंदी आधी पाठवतात.

मर्यादा

अ‍ॅप काढून टाकल्यास त्याची फोनमधील खासगी साठवणही सामान्यतः पुसली जाते. त्यामुळे महत्त्वाच्या माहितीची प्रत सर्व्हरवर ठेवणे आवश्यक असते.